बीएमआय नॉर्मल, मग पोट का सुटतंय?

प्रश्न : माझं वय ३८, उंची १७२ सेंमी. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातात मज्जारज्जूला इजा झाली. टी १० पातळी (पाठीचा दहावा मणका), संपूर्ण दुखापत, म्हणजे त्याखाली हालचालही नाही आणि संवेदनाही नाही. तेव्हापासून व्हीलचेअर वापरतो. मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा खुर्चीसकट वजन ८७ किलो भरलं. खुर्चीचे १६ वजा करून ७१ धरले. बीएमआय २४ निघाला आणि डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, काळजी नको. अपघाताआधीही मी ७० किलोचाच होतो. पण पोट चांगलंच सुटलंय. बसल्यावर टेपने मोजलं तर १०१ सेंमी. हातात धरायच्या फॅट मीटरवर १९ टक्के चरबी दाखवतो, म्हणजे तेही ठीकच. बायकोला मात्र हे काही पटत नाही, ती म्हणते रात्रीचं जेवण बंद कर. बिछान्यावर सरकताना हल्ली खांदे भरून येतात, आणि खुर्चीचे साइड गार्ड (बाजूच्या फळ्या) मांड्यांना घासायला लागलेत. मला खरंच वजन कमी करायची गरज आहे का, आणि ते ठरवायचं कशावर?

उत्तर : वजनाचं नंतर बघू, आधी साइड गार्ड. तुम्ही ते शेवटी सहज जाता जाता लिहिलंय, पण पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे. तिथे तुम्हाला संवेदना नाही, त्यामुळे घासतंय हे तुम्हाला दुखून कळलेलं नसणार, अडकतंय म्हणून कळलं असेल. आज झोपताना दोन्ही बाजूंनी, मांडीचं हाड कुल्ह्याजवळ बाहेर येतं त्या उंचवट्यावर, आरशाने किंवा बायकोकडून नीट बघून घ्या. लाली, काळपटपणा, गरम किंवा कडक लागणारी जागा दिसली आणि त्या जागेवरचा भार काढल्यावर अर्ध्या तासातही ती गेली नाही, तर बेडसोरची सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली ओळखू येत नाही, म्हणून हात लावून बघणं महत्त्वाचं. तसं काही आढळलं तर त्या बाजूचा दाब बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. दिवसा खुर्चीत बसल्यावर मांडी आणि गार्ड यांच्यामध्ये सपाट तळहात सरकायला हवा. सरकत नसेल तर गार्ड बाहेर घेता येतात का ते खुर्ची बसवून देणाऱ्याकडून बघून घ्या. वजन उतरायला महिने लागतील, कातडी तेवढं थांबत नाही.

आता मुख्य प्रश्न. तुमचं वजन जास्त आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून अंदाजे सहा किलोने जास्त. डॉक्टरांनी बीएमआयचा हिशोब चुकवलेला नाही, पण तो ताडून बघितला चालत्या माणसांच्या तक्त्याशी. तो तक्ता तुमच्या शरीराला लागू पडत नाही.

बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणं, एवढंच. त्यात चरबी किती आणि स्नायू किती हे कुठेच येत नाही. चालत्याफिरत्या माणसात ते एकमेकांच्या बऱ्यापैकी प्रमाणात असतात म्हणून हा ढोबळ हिशोब चालून जातो. मज्जारज्जूच्या दुखापतीत ते प्रमाणच मोडतं. मांड्या, पोटऱ्या, नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, आणि दुखापतीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच ते झपाट्याने उतरतात. त्या काळात वजनही खाली जातं. पुढे माणूस घरी येतो, नीट जेवायला लागतो, वजन हळूहळू जुन्या आकड्यावर येतं आणि घरच्यांना वाटतं, तब्येत सुधारली. भरून आलेली असते ती बहुतेक चरबी. तुमचे ‘आधी ७० आणि आता ७१’ हे असे आहेत. काट्याला एका किलोचा फरक दिसतो, पण आत समजा आठ किलो स्नायू गेले आणि नऊ किलो चरबी आली, तरी उत्तर ७१च येणार. उरलेल्या स्नायूंतही चरबी मिसळलेली असते, त्यामुळे पाय बारीक दिसतात म्हणून अंगावर चरबी नाही, असंही म्हणता येत नाही.

त्याच्या जोडीला खर्चही घटलेला असतो. स्वस्थ पडून असताना शरीर जितक्या कॅलरी जाळतं, त्या या दुखापतीनंतर साधारण १४ ते २७ टक्क्यांनी कमी होतात. भूक मात्र त्या मानाने कमी होत नाही. वजन वाढण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं, त्यात ‘खादाडपणा’चा दोष शोधत बसू नये.

म्हणून या दुखापतीसाठी मर्यादा वेगळी धरतात. २०१८ साली अमेरिकेत मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरच्या हृदयविकार आणि मधुमेहाच्या धोक्याबद्दल वैद्यकीय मार्गदर्शिका निघाली. तिच्यानुसार पुरुषाच्या शरीरात २२ टक्क्यांहून आणि बाईच्या शरीरात ३५ टक्क्यांहून जास्त चरबी असली तर तो लठ्ठपणा. चरबी नीट मोजायची सोय नसेल तर बीएमआय २२ किंवा त्याहून जास्त, हा कामचलाऊ निकष. सर्वसाधारण तक्त्यात जास्त वजन २५ पासून आणि लठ्ठपणा ३० पासून सुरू होतो. आशियाई लोकांसाठी सावधतेची रेघ २३ वर ओढतात. तुमचे २४ सर्वसाधारण तक्त्यात बसतात, पण आशियाई रेघेच्या एक अंक आणि तुमच्यासाठीच्या मर्यादेच्या दोन अंक वर आहेत. १७२ सेंमी उंचीला बीएमआय २२ म्हणजे ६५ किलो.

दुसऱ्या वाटेनेही जवळपास तेच उत्तर येतं. आहारतज्ज्ञ उंचीवरून ‘आदर्श वजन’ काढतात. तुमच्या उंचीच्या पुरुषाला ते ६९च्या जवळ येतं. फक्त पाय गेलेल्या पॅराप्लेजियात त्यातून ५ ते १० टक्के वजा करायचे, हात-पाय दोन्ही गेलेल्या टेट्राप्लेजियात १० ते १५ टक्के. तुमचं येतं ६२ ते साडेपासष्ट.

हे सगळं ७१ हा आकडा खरा धरून. तो खरा आहे का? खुर्चीचे १६ किलो कोणी मोजले होते का, की माहितीपत्रकात लिहिले होते म्हणून वजा केले? माहितीपत्रकातलं वजन बहुतेक वेळा नुसत्या सांगाड्याचं असतं, कधीकधी तर चाकंही काढून. कुशन, साइड गार्ड, पाठीमागची बॅग, बॅगेतली पाण्याची बाटली, अवजारं हे त्यात नसतं. खुर्ची खरोखर १८ किलोची असेल तर तुम्ही ६९ किलोचे आणि बीएमआय २३.३. ती १४ची निघाली तर तुम्ही ७३ आणि बीएमआय २४.७. तुमच्या बाबतीत निकाल दोन्हीकडे तोच लागतो, पण दर महिन्याला असे दोन-दोन किलो इकडेतिकडे झाले तर वजन उतरतंय की चढतंय हे कधीच कळणार नाही.

तेव्हा वजन असं करा. खुर्ची चढवता येईल असा सपाट काटा शोधा. पुनर्वसन केंद्रात असतो, मोठ्या रुग्णालयात डायलिसिस विभागात बहुतेक सापडतो, आणि गोदामात माल मोजायचा प्लॅटफॉर्म काटाही चालतो, फक्त त्याचा भाग (काटा दाखवतो तो सगळ्यात लहान फरक) १०० ग्रॅमचा आहे का ते बघा. अर्ध्या किलोच्या भागाचा काटा तुमच्या कामाचा नाही. काटा शून्यावर आहे ना, चारही चाकं पूर्ण फळीवर आहेत ना, कोणी खुर्चीला हात लावून उभं नाही ना, हे तपासा. मग लगेच बिछान्यावर किंवा दुसऱ्या खुर्चीवर सरका आणि रिकामी खुर्ची त्याच काट्यावर, त्याच कुशन आणि बॅगेसकट चढवा. जुना आकडा वहीतून उचलू नका, दर वेळी नव्याने मोजा. बूट काढलेले, कपडे हलके, लेग बॅग (पायाला बांधलेली लघवीची पिशवी) रिकामी. भरलेली लेग बॅग सहज अर्धा-पाऊण किलोची असते. पोट साफ करण्याचा तुमचा जो दिवस असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खाण्याआधी वजन घ्या. तुंबलेल्या आतड्यात किलोभर माल सहज असतो आणि तो चरबीच्या हिशोबात जमा होतो. महिन्यातून एकदा पुरे. रोज मोजाल तर पाण्याचे चढउतारच मोजत बसाल.

घरचा बाथरूमचा काटा आधी पुढच्या आणि मग मागच्या चाकांखाली सरकवून बेरीज करणारे भेटतात. एक टोक उचललं की खुर्ची कलते, भार दुसऱ्या टोकाकडे जातो आणि बेरीज चुकते. भावाने उचलून घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि त्याचं वजन वजा करायचं, हा प्रकार गणितात बरोबर असला तरी करू नका. पायाची हाडं या दुखापतीनंतर ठिसूळ होतात, निसटून पडलात तर मांडीचं हाड मोडायला फार उंची लागत नाही.

उंचीही एकदा तपासून घ्या. १७२ हा आकडा अपघाताआधीचा असणार. मणका दबला असेल, रॉड टाकले असतील किंवा पाठीला बाक आला असेल तर तो आता खरा नसेल. टणक बिछान्यावर उताणं झोपायचं, डोकं भिंतीला किंवा फळीला टेकलेलं, गुडघे सरळ, तळपाय काटकोनात. तळपायाला दुसरी फळी टेकवून दोन फळ्यांमधलं अंतर मोजायचं. पायात स्पॅझम (स्नायूंचं आपोआप आखडणं) आला तर तो ओसरू द्यायचा. गुडघे किंवा कंबर आखडून सरळ होत नसतील तर एकाच कुशीचे तुकडे मोजून बेरीज करतात : डोक्यापासून कुल्ह्याच्या हाडापर्यंत, तिथून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. तीन सेंटिमीटर ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण ७१ किलोला उंची १७२ ऐवजी १६९ धरली की बीएमआय २४चा जवळजवळ २५ होतो.

पण खरं सांगायचं तर २२ची मर्यादा हीसुद्धा ढोबळ चाळणी आहे. एकच काहीतरी मोजायचं असेल तर आम्ही पोटाचा घेर मोजायला सांगू. धोका वाढवते ती आतड्यांभोवतीची चरबी, आणि ती घेरात वजनापेक्षा बरी दिसते. टेप घरात असतो, काटा शोधत फिरावं लागत नाही.

फक्त बसून मोजलेले तुमचे १०१ बाजूला ठेवा. तुमच्या पोटाचे खालचे स्नायू आवळले जात नाहीत. बसल्यावर आतडी पुढे आणि खाली ओघळतात आणि पोट पुढे येतं. हे बारीक माणसातही होतं. त्यामुळे बसल्या घेरात चरबी किती आणि नुसता ओघळ किती हे वेगळं करता येत नाही. घेर झोपूनच मोजायचा.

पोट आणि मूत्राशय रिकामं करून, उताणं, हात बाजूला. पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहा. बायकोला सांगा, आधी बरगडीच्या पिंजऱ्याची सगळ्यात खालची कड बोटाने शोधायची. टेप तिच्या लगेच खाली येईल. काही ठिकाणी बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजतात. दोन्ही चालतं, पण एक ठरवलं की ते बदलायचं नाही. पेनने दोन्ही बाजूंना खूण केली तर उत्तम. टेप ओढून खालून काढायचा नाही. तुम्ही एका कुशीवर व्हायचं, टेप सपाट पसरायचा, मग परत उताणं. टी १०च्या दुखापतीत संवेदना बेंबीच्या आसपास संपते. टेप पाठीखाली पिळला किंवा त्याचं पत्र्याचं टोक कातडीत रुतलं तर तुम्हाला समजेलच असं नाही. तिने पाठीखाली हात घालून तपासायचं. टेप कातडीला टेकलेला हवा, दाबलेला नको. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की त्या क्षणी आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही, तुमच्या वरच्या पोटात तेवढी ताकद अजून असेल आणि मोह होईल. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पोटाला स्टोमाची पिशवी (शौच किंवा लघवी बाहेर काढायला पोटावर केलेल्या छिद्राची) असेल किंवा बॅक्लोफेनचा, म्हणजे स्पॅझम कमी करणाऱ्या औषधाचा, पंप बसवलेला असेल त्यांनी तसं वहीत लिहून ठेवावं. त्यांच्या आकड्याची तुलना फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी.

किती म्हणजे जास्त? मज्जारज्जूची दुखापत झालेल्यांवरच्या अभ्यासातून हृदयविकाराच्या धोक्यासाठी ९४ सेंमी ही मर्यादा पुढे आली. नंतरच्या एका अभ्यासात, फक्त पुरुषांत आणि झोपून मोजलेल्या घेरासाठी, ती ८६.५ इतकी खाली आली. आमचा कल असा : ८६ पर्यंत निश्चिंत, त्यापुढे लक्ष ठेवायचं आणि रक्ताच्या चाचण्या बघायच्या, ९४च्या पुढे वाट बघत बसायचं नाही. हे अभ्यास बहुतांश पुरुषांवरचे आहेत. बायकांसाठी या गटातून निघालेली तितकी भरवशाची मर्यादा नाही, म्हणून सर्वसाधारण निकषातले ८० सेंमी धरून चालतात. तुमचा झोपून घेर १०१ पेक्षा कमी भरेल. किती, ते मोजल्यावर कळेल. ८०च्या आसपास येईल अशी आशा मात्र धरू नका.

फॅट मीटरचे १९ टक्के ही शुद्ध फसवणूक आहे, पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हातात धरायचं यंत्र एका हातातून दुसऱ्या हातात बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं. स्नायूत पाणी जास्त, म्हणून त्यातून प्रवाह सहज जातो. चरबीतून अडखळत जातो. हा प्रवाह तुमच्या दंडांतून आणि छातीतून गेला, म्हणजे सहा वर्षं खुर्ची ढकलून कमावलेल्या भागातून. जिथले स्नायू गेले त्या पायांकडे तो फिरकलाच नाही. मग यंत्राने वय, उंची, वजन घेऊन चालत्या माणसांवर बसवलेल्या सूत्रात ते टाकलं आणि उरलेलं शरीरही असंच पीळदार असणार असं गृहीत धरलं. पायांपर्यंत प्रवाह नेणारी यंत्रं थोडी बरी असली तरी सूत्राची अडचण राहते आणि पायांवरच्या सुजेने आकडा आणखी बिघडतो. पेसमेकर किंवा अंगात बसवलेलं दुसरं विद्युत उपकरण असणाऱ्यांनी तर ही यंत्रं विचारल्याशिवाय हातात घेऊच नयेत. चिमट्याने कातडीची घडी मोजण्याची पद्धतही अशीच चरबी कमी दाखवते.

खात्रीचा आकडा हवाच असेल तर डेक्सा स्कॅन. दहा-वीस मिनिटं पडून राहायचं असतं, क्ष-किरणांची मात्रा नगण्य असते. चिठ्ठीवर ‘संपूर्ण शरीराची चरबी आणि स्नायू’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं डेक्सा लिहिलं की कंबर आणि मणक्याच्या हाडांची घनता मोजून घरी पाठवतात. मणक्यात रॉड-स्क्रू आहेत हे तंत्रज्ञाला आधी सांगा, नाहीतर धातूमुळे धडाचा हिशोब बिघडतो. टेबल उंच आणि अरुंद असतं, म्हणून जाण्याआधी फोन करून ट्रान्सफरला, म्हणजे खुर्चीतून टेबलावर न्यायला, माणूस किंवा हॉइस्ट (उचलायचं यंत्र) आहे का विचारा, आणि पाठीखाली टणक टेबल किती वेळ राहणार हे लक्षात ठेवून नंतर कातडी बघा. पुढच्या वर्षी परत करायचा झाला तर त्याच यंत्रावर करा. दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तुमच्या बाबतीत मला डेक्साची घाई दिसत नाही. झोपलेला घेर आणि नीट घेतलेलं वजन यावर निर्णय होऊ शकतो.

त्यापेक्षा रक्ताकडे आधी वळा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, आणि रक्तदाब. साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषात ४० पेक्षा कमी आणि बाईत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त : यांतले एक-दोन जरी वाढलेल्या घेरासोबत सापडले, तरी वजनाचा प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही. या दुखापतीत एचडीएल सगळ्यात आधी खाली जाताना दिसतं. अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी दिशाभूल करू शकतो, तेव्हा उपाशीपोटीची साखर सोबत हवीच. टी ६ किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट : तुमचा नेहमीचा रक्तदाब मुळात कमी असतो, त्यामुळे ‘१२५, छान आहे’ हे तुम्हाला लागू होईलच असं नाही. स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत असू द्या.

घेर किंवा वजन अचानक वाढलं तर तो चरबीचा मामला नसतो. चरबी आठवड्याला तीन किलोंनी वाढत नाही. चार-सहा दिवसांत पोट फुगून कडक झालं तर आतडं तुंबलंय किंवा लघवी अडकलीय का बघा. पोटात काही गंभीर झालं तरी तुम्हाला नेहमीसारखं दुखणार नाही, स्पॅझम वाढणं, मळमळ, ताप हेच इशारे. संध्याकाळी दोन्ही पावलं सुजतात आणि सकाळी उतरतात, ते लोंबकळत्या पायांत साचलेलं पाणी. एकच पाय दुसऱ्यापेक्षा जाड, गरम झाला तर तो शिरेतल्या गुठळीचा किंवा न जाणवलेल्या फ्रॅक्चरचा संशय, आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय. तोपर्यंत तो पाय चोळू नका, व्यायामही देऊ नका.

आता वहिनींचा सल्ला. रात्रीचं जेवण बंद करण्याने वजन उतरेल, पण त्यात स्नायूही जातील, आणि तुमच्याकडे आता घालवण्यासारखे स्नायू फारसे उरलेले नाहीत. जे आहेत ते खांद्याचे, ज्यांच्यावर सगळे ट्रान्सफर चालतात. प्रथिनं कमी पडली की कातडीही लवकर फाटते. दिवसाच्या एकूण जेवणातून २०० ते ३०० कॅलरी कमी करा, त्याही गोड पेयं, तेल-तूप आणि खाण्याच्या मधल्या वेळांतून. प्रथिनं वजनाच्या किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला ५७ ते ७१ ग्रॅम, त्याखाली जाऊ देऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पाणीही कमी करू नका. बेडसोर सापडला तर वजन कमी करण्याचा कार्यक्रमच थांबवायचा. जखम भरायला प्रथिनं सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत आणि खोल जखमेत त्याहूनही जास्त लागतात, तेव्हा उपाशी राहणं म्हणजे जखमेला उपाशी ठेवणं.

या वेगाने महिन्याला साधारण एक किलो जाईल. पहिलं लक्ष्य ६५ ठेवू नका, साडेतीन किलो ठेवा. पाच टक्के गेले तरी साखर आणि ट्रायग्लिसराइडमध्ये फरक दिसू लागतो. मोजमाप पाळूनही तीन महिन्यांत ना किलो हलला ना सेंटिमीटर, तर मज्जारज्जूच्या रुग्णांसोबत काम केलेल्या आहारतज्ज्ञाकडे जा. नेहमीची कॅलरीची सूत्रं आणि मोबाइलवरची ॲप तुमची गरज हमखास जास्त दाखवतात.

व्यायामाने वजन उतरेल या भरवशावर राहू नका. हाताने फिरवायच्या सायकलवर अर्ध्या तासात शंभर ते दीडशे कॅलरी जातात, यंत्राच्या पडद्यावर त्याहून जास्त दिसतात कारण तोही हिशोब चालत्या माणसाचा असतो. व्यायाम करायचा तो हृदय, साखर आणि ताकदीसाठी. २०१८च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं दम लागेल असा, आणि दोनदा चालू असलेल्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट. तुमचे खांदे आधीच कुरकुरतायत, तेव्हा सुरुवात फिजिओथेरपिस्टला ट्रान्सफर करून दाखवण्यापासून करा. दुखणं वजनाचं आहे की हात चुकीच्या जागी टेकण्याचं, हे त्याशिवाय ठरत नाही. तोवर सरकफळी वापरा, त्यात कमीपणा नाही. पुढे वजन चार-पाच किलो उतरलं की हवेच्या कुशनची हवा पुन्हा तपासा : बसल्यावर सगळ्यात खाली आलेल्या हाडाखाली हात घातला तर दीड ते अडीच सेंटिमीटर हवा राहायला हवी.

डॉक्टरांकडे जाताना मोजमापांच्या वहीसोबत गोळ्यांची यादीही न्या. नसांच्या वेदनेसाठीच्या प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन या गोळ्यांनी वजन वाढतं, पहिल्या दोन्हींनी पायांवर सूजही येते. यांतली एखादी चालू असेल तर वजन ती सुरू झाल्यापासून वाढलंय का ते तारखा लावून बघा आणि पर्याय किंवा मात्रा कमी करण्याबद्दल विचारा. स्वतःहून मात्र एकही गोळी एकदम बंद करू नका. बॅक्लोफेन तर नाहीच. ते अचानक थांबलं तर स्पॅझम उसळतात, झटके येऊ शकतात आणि प्रकरण जिवावर बेतू शकतं.